चिंचोक्यांचा डबा

अकोल्याच्या भाजीबाजारात सकाळचा हर्रास आटोपला, की मागच्या शेडमध्ये पोतं अंथरून तीन पत्तीचा डाव बसे. पैशाचं नाव नाही, चिंचोके लावायचे. शेवटचा हात जो जिंकेल त्यानं डबा घरी न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी न चुकता आणायचा, एवढाच तिथला कायदा.

या डावात नत्थुजींचा हात धरणारा कुणी नव्हता. वांगी विकण्यात जन्म गेलेला हा माणूस पत्त्यांपेक्षा माणसांची बडबड ऐकायचा. किसनरावांना पानं चांगली आली, की लगेच त्यांचे गुडघे दुखायला लागत. लिंबूवाला जीवन थापा मारत असला, की उगाच मेथीचा भाव विचारी. आणि कोथिंबीरवाल्या बेबीताईंनी सुनेचं कौतुक सुरू केलं, की समजावं, हातात काही नाही आणि घरी सकाळीच वाजलंय! स्वतः नत्थुजी मात्र तोंडातून ब्र काढायचे नाहीत. खेळायचं तर 'चाल', पानं टाकायची तर 'पॅक', बस्स. जो बोलला तो पकडला गेला, हे त्यांनी पक्कं ओळखलं होतं.

हिवाळ्यात त्यांची बायको आशाबाई गेली. मातीला हे तिघंही आले होते. पुढं नत्थुजी पुन्हा डावाला बसले, तेव्हा किसनरावांनी हळूच विचारलं, "झोप लागते काय, नत्थुजी?" नत्थुजींच्या हातात पानं होती. ते म्हणाले, "चाल करा." पुन्हा कुणी विचारलं नाही. कशाला विचारतील?

आता अमरावतीची लेक, सीमा, हटून बसली होती. बापानं दोनदा गॅस उघडा ठेवला, हे शेजारणीनं तिला फोनवर सांगितलं होतं. झालं! उद्या डावाच्याच वेळेची एसटी होती. घर सोडायचं नत्थुजींना वाईट वाटत नव्हतं. आशाबाईंशिवायच्या घराचं कसलं आलंय वाईट! त्यांना एवढंच हवं होतं, की या तिघांपैकी एकानं तरी 'नका जाऊ' म्हणावं. निदान 'येत जा' म्हणावं. पण त्यासाठी आधी सांगायला तर हवं.

शेवटच्या हाताची पानं आली. दुर्री, पंजी, नव्वी. निव्वळ कचरा. नत्थुजींनी सवयीनं चिंचोके पुढं सारले आणि घसा खाकरला.

"मी उद्या अमरावतीले चाल्लो. सीमाकडे. कायमचा."

तिघंही त्यांच्याकडं बघतच राहिले. मग जीवन ओरडला, "अरे बाप! नत्थुजी बोलून राहिले! मी पॅक!"

"बुढ्याजवळ तीन एक्के हायेत," म्हणत बेबीताईंनीही पानं फेकली. किसनरावही पॅक.

"खरंच सांगून राहिलो," नत्थुजी म्हणाले. "बिछाना बी बांधला."

"बांधा, बांधा! मी बी उद्या दिल्लीले चाल्लो," जीवन म्हणाला.

आता काय करावं? आपण पत्त्यांसाठी बोललो नाही, हे पटवायला नत्थुजींनी पानं उलटी करून दाखवली. तिथंच चुकलं. एकच हशा झाला.

बेबीताईंनी कपाळावर हात मारला. "दुर्री-पंजीवर सगळ्याइले उठवलं! अन् त्याच्यासाठी लेकीचं नाव घेतलं! लय पोचलेला मानूस हाय हा."

किसनरावांच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं. त्यांनी डबा नत्थुजींच्या हातात कोंबला. "उद्या इसरू नका बरं."

नत्थुजींनी डब्याचं झाकण दाबून लावलं. मग म्हणाले, "हो."

बाजारातून निघताना डबा चहावाल्याकडं ठेवून जावं, असं एकदा मनात आलं होतं. नाही ठेवला. डबा आला नाही म्हणजे निदान फोन तरी करतील!

दुसऱ्या दिवशी एसटीनं मूर्तिजापूर मागं टाकलं. मांडीवरच्या पिशवीत चिंचोके खुळखुळत होते. आता पोतं अंथरलं असेल. आता वाट बघत असतील. तेवढ्यात फोन वाजला. नत्थुजींनी घाईघाईनं कानाला लावला.

"बाबा, कुठं पोचले?" सीमा विचारत होती.

बडनेरा आलं तेव्हा कुठं त्यांच्या ध्यानात आलं, की त्या तिघांपैकी कुणाकडेच आपला नंबर नाही. किसनरावांनी एकदा मागितला होता, आशाबाई गेल्यावर, रात्रीबेरात्री काही लागलं तर म्हणून. तेव्हाही नत्थुजी म्हणाले होते, "चाल करा."