तुटलेल्या धाग्यांची रांग

शीतलने तुटलेले धागे टेबलावर एकाखाली एक मांडले. अठरा तुकडे. सिल्वासाजवळच्या गलोंड्याच्या सूत कारखान्यात धाग्याची ताकद मोजणारं यंत्र पंधरा दिवस प्रत्येक धागा कच्चा ठरवत होतं आणि माल गोदामात अडकून पडला होता.

“सगळे एकाच जागी तुटलेत, सर. वरच्या चिमट्यापाशी,” ती म्हणाली. “धागा कच्चा नाही. चिमटाच त्याला कापतोय.”

तपासणी विभागाच्या जयवंतसाहेबांनी चिमट्याच्या आत बोट फिरवलं. रबर झिजून धातूची धार उघडी पडली होती. ते हसून दाराशी उभ्या चिंधाकडे वळले.

“चिंधाभाऊ, पोरगी हुशार आहे तुमची. एक तारखेपासून पाठवा कामाला.”

हेच ऐकायला चिंधा महिनाभर साहेबांच्या मागे लागला होता आणि आज तिला घेऊन आला होता. धुळ्याहून सिल्वासाला येऊन बावीस वर्षं तो इथे मशीनवर उभा होता. फिजिक्समध्ये एमएस्सी झालेल्या लेकीला पुण्यात पीएचडीची जागा मिळाली होती. होकार कळवायचा आज शेवटचा दिवस.

“मीही फिजिक्सचाच,” साहेब शीतलला म्हणाले. “माझे दोन मित्र पीएचडी करून आजही तासिका तत्त्वावर शिकवतात. पाच वर्षं विद्यावेतन मिळेल, पण पुढचं कोण सांगणार?”

शीतलने मान हलवली, पण नजर टेबलावरच होती.

“सर, ताण तर दोन्ही चिमट्यांवर सारखाच येतो. मग खालचं रबर का नाही झिजलं?”

“अगं, वरचं बदललं की काम झालं!”

“हो सर.”

तिने धागे गोळा केले. फेकले नाहीत, वहीच्या पानांत ठेवले. चिंधा दारातून ते बघत होता. मग ओढणी सारखी करून ती नोकरीचं उत्तर द्यायला वळली.

“साहेब,” चिंधाच बोलला, “ती नाही येणार कामाला.”

 चिंधाने हात जोडले आणि तो बाहेर पडला.

फाटकाबाहेर शीतलने त्याला गाठलं.

“आप्पा, मी हो म्हणणार होते.”

“ठाऊक व्हतं. म्हणून तर मी आधी बोललो.”

“आणि पुढे नोकरी नाही लागली तर?”

 “ते मला काय सांगता येईल, पोरी? तुझा होकार फोनवरून जातो का?”

तिने फोन काढला. उन्हात अक्षरं दिसेनात. चिंधा दोन पावलं सरकला आणि तिच्या नि उन्हाच्या मध्ये उभा राहिला.