दुपारी दोनपर्यंतचं पानिपत

आमच्या मुख्याध्यापिका सुहासिनीबाई प्रशिक्षण घेऊन आल्या की शाळेला तीन महिने चैन नसतं. एकदा त्या 'हसत-खेळत शिक्षण' शिकून आल्या होत्या, तेव्हा आम्ही सगळ्या शिक्षिका दिवाळीपर्यंत विनाकारण हसत होतो. दोन हजार दहाच्या नोव्हेंबरात त्या समवाय शिकून आल्या. समवाय म्हणजे विषय एकच घ्यायचा आणि तोच भाषेत, गणितात, भूगोलात, विज्ञानात, अगदी कवायतीतसुद्धा शिकवायचा. तिथे उदाहरण म्हणून झाडं दिली होती. पण शाळा पुण्यात, तीही पेठेतली. इथे झाडांवर कोण समाधान मानणार? येत्या चौदा जानेवारीला पानिपतच्या लढाईला अडीचशे वर्षं होत होती. सुहासिनीबाईंनी फळ्यावर 'पानिपत' लिहिलं, त्याखाली दोन रेघा मारल्या आणि माझ्याकडे पाहिलं.

मी परवीन अत्तार, चौथी ब ची वर्गशिक्षिका. चौथीच्या इतिहासात शिवाजी महाराज आहेत, पानिपत नाही, हे मी सांगून पाहिलं.

"पुस्तकात तू कायम होणार असंही कुठे लिहिलेलं नाही, परवीन," त्या म्हणाल्या.

त्यांचं बरोबर होतं. मी शिक्षणसेवक होते. काम पूर्ण शिक्षकाचं करायचं, हातात किरकोळ मानधन घ्यायचं, आणि तीन वर्षांनी शाळा समितीने बरं म्हटलं तर कायम व्हायचं, असा तो प्रकार. माझी तीन वर्षं जूनमध्ये संपत होती. अब्बांच्या हाताला कंप सुटल्यापासून बुधवार पेठेतलं त्यांचं वह्या-पुस्तकं बांधायचं दुकान बंद होतं आणि घर माझ्यावर होतं. तेव्हा पानिपत तर पानिपत.

भूगोलात आम्ही नकाशावर दोरा ठेवून पुणे ते पानिपत अंतर मोजलं. दुसऱ्या दिवशी एका पालकाचं दोन पानी पत्र आलं, की फौज पुण्याहून नव्हे तर परतूरहून निघाली होती, सबब दोरा चुकला आहे. शिवाय आमच्या शाळेच्या नावाचं शुद्धलेखन पत्रात बरोबर करून दिलं आहे, ते पाहून घ्यावं, आम्हाला उपयोगी पडेल. विज्ञानात घोड्याला दिवसाला किती चारा लागतो ते झालं. कार्यानुभवात पुठ्ठ्याच्या तलवारी झाल्या, त्यातल्या निम्म्या मधल्या सुट्टीत मोडल्या. कवायतीच्या तासाला पानिपतावर ठरली होती तशी, गोल न मोडता लढायची, गोलाची लढाई झाली. सरांनी गोलातून बाहेर पडू नका असं ओरडून सांगितलं आणि मुलं नेमकी बाहेर पडली. इतक्या सहज इतिहास शिकवलेला मी पाहिला नव्हता.

गणित माझ्याकडे. मी फळ्यावर लिहिलं: 'एका गावातून साठ माणसे लढाईस गेली. त्यांपैकी चौदा परत आली. तर किती परत आली नाहीत?'

बेचाळीस मुलांनी उत्तर लिहिलं. नसीमने सगळ्यात आधी लिहिलं. मकबूल गोलंदाजांची ही मुलगी, पहिल्या बाकावर बसणारी, केसांना तेल चोपडलेली. गणितात शंभरातले अठ्ठ्याण्णव घ्यायची, आणि ते दोन का गेले म्हणून टेबलाशी येऊन उभी राहायची. ती त्याही दिवशी उभी राहिली.

"बाई, सेहेचाळीस आलं. पण त्यांच्या घरच्यांना कसं कळलं?"

"काय कसं कळलं?"

"ते येणार नाहीत ते. चौदा जणांनी सांगितलं का घरोघर जाऊन?"

मी म्हटलं, सांगितलं असेल. त्यावर ती बराच वेळ वहीकडे बघत बसली. खरं सांगते, त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की सुहासिनीबाईंच्या समवायात काहीतरी दम आहे. वजाबाकी करताना गप्प झालेलं मूल मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

चौदा जानेवारीला शिक्षण खात्याचे अधिकारी येणार होते. त्यांच्यापुढे मुलांनी लढाई करून दाखवायची, मग ते प्रश्न विचारणार, असं ठरलं. आता लढाई म्हटली की दोन बाजू आल्या. मी अर्धी मुलं इकडे, अर्धी तिकडे, अशी पटावरून यादी लावली. दुसऱ्या दिवसापासून वंशावळी यायला लागल्या.

एका आजोबांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून गुंडाळी आणली. ती उघडायला दोन टेबलं लागली. त्यांचे खापरपणजोबा पानिपतावर होते, सबब नातू अब्दालीकडून लढणार नाही. एका आईने सांगितलं की त्यांच्याकडे कागद नाहीत पण घरात सगळ्यांना माहीत आहे. खराडीत कंपनीत काम करणाऱ्या एका वडिलांनी ईमेल केला, त्याला जोडून जुन्या समाधीचा फोटो. आठवड्यात माझ्या वर्गातल्या एकोणचाळीस मुलांचे पूर्वज पानिपतावर मराठ्यांकडून लढलेले निघाले. इतके लोक खरोखर तिथे असते तर लढाईला उभं राहायला जागा पुरली नसती. अब्दालीकडे तीन जण उरले. त्यात एक नसीम.

मकबूलभाई बुधवारात रेडिओ, मिक्सर दुरुस्त करायचे. ते दुकान बंद करून आले आणि शाळा समितीचे अध्यक्ष शरच्चंद्रराव ऑफिसात बसले होते त्यांच्यासमोर उभे राहिले.

"साहेब, आमचे वाडवडील तोफखान्यात होते. मराठ्यांच्याच. आमचं आडनावच गोलंदाज आहे."

शरच्चंद्ररावांनी चष्मा पुसला. "काही पुरावा?"

एकोणचाळीस जणांपैकी कुणालाही हा शब्द ऐकावा लागला नव्हता. मकबूलभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी हजेरीपटाकडे पाहिलं.

"पुरावा म्हणजे आडनावच, साहेब."

"आडनावाचं काय घेऊन बसलात? क्रिकेटमध्येही गोलंदाज असतात." ते माझ्याकडे वळले. "काय अत्तारबाई?"

शरच्चंद्रराव माझ्याशी नेहमी गोड बोलायचे. अत्तारबाई, तुमचं मराठी ऐकून वाटत नाही हो, असं दर सभेत म्हणायचे. काय वाटत नाही ते त्यांनी तीन वर्षांत सांगितलं नव्हतं.

शेवटी तोडगा निघाला. तीन मुलांची फौज शोभणार नाही म्हणून अब्दाली रद्द. शत्रू पडद्यामागे आहे असं समजायचं, मागून डबे वाजवायचे. एकोणचाळीस वीर समोर लढणार. उरलेल्यांत दोघे डबे वाजवणार आणि नसीम पडदा ओढणार.

मग समितीची सभा झाली. शरच्चंद्ररावांचा मुद्दा असा, की लहान मुलांच्या मनावर पराभवाचा परिणाम होतो. त्यात संक्रांतीचे दिवस, तिळगूळ वाटायचा, समोर अधिकारी. अभ्यासपूर्ण बोलायचं तर दुपारी दोनपर्यंत आपली सरशी होती. "तेव्हा लढाई दोनपर्यंतच दाखवावी. खोटं काहीच नाही त्यात. दोननंतर नाहीतरी कोण जागं असतं?"

सभा हसली. ठराव झाला. पुठ्ठ्याचं मोठं घड्याळ करायचं, काटा दोनवर आला की पडदा. सुहासिनीबाईंनी इतिवृत्त लिहिलं आणि शेवटी समवायाच्या तत्त्वानुसार बाकीचे विषयही त्याच बेताने बदलावे असं जोडलं. विज्ञानातून उपासमार गेली. भूगोलात जाण्याचा रस्ता राहिला, येण्याचा पुसला.

"आणि ते गणित," शरच्चंद्रराव म्हणाले, "ते परत न आलेल्यांचं. बेरजेचं करा की. इकडून इतके गेले, तिकडून इतके गेले, एकूण किती गेले. मुलांना कसं भरल्यासारखं वाटेल."

"सर, चौथीला वजाबाकी आहे," मी म्हटलं.

"ती आंब्यांची घ्या." ते उठता उठता म्हणाले, "तुमचा प्रस्ताव मेमध्ये येईल ना माझ्याकडे सहीला?"

मी घरी जाऊन सगळी गणितं बेरजेची केली. अम्मीने विचारलं, एवढं काय खोडतेस. मी म्हटलं, चुका. मला माझी लाज वाटत होती आणि त्याचबरोबर अक्षर नीट यावं म्हणून मी रेघाही मारत होते. माणूस दोन्ही करू शकतो.

चौदा तारखेला सभागृह भरलं. अधिकारी वेळेवर आले, हीच पहिली अडचण. त्यांना नारळ, शाल आणि फौज परतूरहून निघाली होती असं पत्र लिहिणाऱ्या पालकांशी ओळख, एवढं झाल्यावर लढाई सुरू झाली. एकोणचाळीस वीर पडद्याच्या दिशेने तुटून पडले. डबे वाजले. शत्रू दिसत नसल्यामुळे फौज आपापसात लढायला लागली आणि दोघांना लागलं, तरी टाळ्या पडल्या. काटा दोनवर आला. नसीमने पडदा ओढला.

अधिकारी मंचावर आले. भला माणूस होता, मुलांमध्ये मांडी घालून बसला. "शाबास. मग आता सांगा, लढाई झाल्यावर सैनिकांनी काय केलं असेल?"

"तिळगूळ खाल्ला," एक वीर म्हणाला.

"झोपले," दुसरा.

"घरी आले," सगळे मिळून म्हणाले.

नसीमच्या एका हातात अजून पडद्याची दोरी होती. तिने दुसरा हात वर केला. "सर, ते आले नाहीत घरी. साठातले सेहेचाळीस आलेच नाहीत."

पहिल्या रांगेत शरच्चंद्ररावांनी पाय खाली घेतला. अधिकाऱ्यांना मात्र गंमत वाटली असावी. ते हसून माझ्याकडे वळले. "बाई, हे कुठून आलं? तुम्ही घेतलं होतं का वर्गात?"

साधा प्रश्न होता. हो म्हटलं असतं तर ते बहुतेक शाबास म्हणाले असते. पण मी त्यांच्याकडे पाहतच नव्हते. मी पहिल्या रांगेकडे पाहत होते, जिथे माझी सही बसली होती.

"नाही सर," मी म्हटलं. "तिचं गणित जरा कच्चं आहे."

लोक हसले. शरच्चंद्रराव सगळ्यात मोकळं हसले. नसीम हसली नाही. तिने हात खाली घेतला आणि माझ्याकडे अशी बघत राहिली, की जणू आपली हातच्याची कुठे चूक झाली ते बाई आता सांगतील. मी तिळगुळाचा डबा उघडला.

मेमध्ये प्रस्ताव गेला, जूनमध्ये आदेश आला. शरच्चंद्ररावांनी पेढे घेतले आणि म्हणाले, अत्तारबाई, आमचाच माणूस आहात तुम्ही. सुहासिनीबाई पुढच्या प्रशिक्षणाला गेल्या होत्या.

जुलैत अब्बांचा जुना रेडिओ घेऊन मी मकबूलभाईंच्या दुकानात गेले. दुसऱ्या कुणाकडे न्यावा असं वाटत होतं, पण अब्बा दुसऱ्याचं नाव काढू देईनात. मकबूलभाईंनी स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला. शाळेत ते मला मॅडम म्हणायचे, इथे आपा म्हणाले.

"आपा, तुमचे उपकार आहेत. तुम्ही सगळ्यांसमोर बोललात ते बरं झालं. मी तर समजत होतो पोरगी हुशार आहे."

"मकबूलभाई, तसं नाही ते..."

"नाही, नाही. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं ना, तर मी ऐकलं नसतं. भांडलो असतो. म्हटलं असतं, आमची म्हणून बोलतात. पण तुम्ही म्हटलंत." त्यांनी रेडिओचं मागचं झाकण उघडलं. "धायरीला एक सर आहेत, त्यांच्याकडे शिकवणी लावली आहे. लांब पडतं, दोन बस बदलाव्या लागतात. पण त्यांनी पार पहिलीपासून घेतलंय. एक अंकी वजाबाकीपासून. रोज करते बिचारी, एक शब्द बोलत नाही."

आतल्या खोलीच्या दारात नसीम बसली होती. तिच्या मांडीवर वही होती आणि ती नवातून चार वजा करत होती. प्रत्येक उत्तर लिहिण्याआधी ती बोटं मोजून बघत होती.