प्लास्टिकातला ट्रे

निरीक्षकबाई सकाळपासून सारख्या घड्याळाकडे बघत होत्या. स्टेम सेलचे उपचार करणारे दवाखाने त्यांनी याआधी कितीतरी तपासले होते, पण आजच्या दवाखान्यात बारा वाजता ज्यांच्या दोन्ही डोळ्यांत सुई जाणार होती ते त्यांचे सख्खे वडील होते.

नानांचा उजवा डोळा गेल्यातच जमा होता. डाव्याने अजून पेपरातले मथळे तेवढे दिसायचे. तो तरी राहू द्या, असं लेकीने परोपरीने विनवलं. "तुला मेलं सगळीकडे काळंबेरंच दिसतं," म्हणून नानांनी तिला उडवून लावलं.

बाईंनी साहेबांना आधीच सांगून टाकलं होतं, "घरचं माणूस आहे तिथे. दुसऱ्या कुणाला पाठवा."

"प्रयोगशाळेत अकरा वर्षं घासलेलं दुसरं आहे कोण आपल्याकडे? तुम्ही फक्त बघा. सही माझी."

आणि बघायला गेले तर कागदपत्रं कशी, आरशासारखी लख्ख! परवाना, संमतीपत्रं, दाखले, कुठे नाव ठेवायला जागा नाही. व्यवस्थापक तर लग्नातल्या यजमानासारखा हसत होता. अकरा वाजून गेले. साहेबांचा चेहरा उतरला. "काही खोट सापडल्याशिवाय थांबवू कशाच्या जोरावर?"

"प्रयोगशाळा दाखवा," बाई म्हणाल्या. जाताना काचेतून नाना दिसले. निळी टोपी घालून आणखी तिघांबरोबर बसले होते आणि डोळ्यांत थेंब घालून घेत होते.

प्रयोगशाळेत मधोमध इनक्युबेटर होता, फ्रिजएवढा. "पेशंटच्याच पोटातली चरबी घेतो, त्यातल्या पेशी इथे वाढवतो," व्यवस्थापक म्हणाला. "दोन वर्षांत तीनशे पेशंट झाले!"

या पेटीत तळाला पाण्याचा ट्रे असतो. तो कोरडा पडला की आतल्या पेशी सुकून मरतात. प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या माणसाला पहिलं काम देतात ते हा ट्रे भरायचं, आणि विसरला तर पहिली बोलणी बसतात तीही त्यावरूनच. बाईंनी ती पोटभर खाल्ली होती.

"ट्रेमध्ये पाणी कधी घालता?"

"रोज! अगदी शुद्ध!"

बाई गुडघ्यावर बसल्या, वाकल्या आणि त्यांना शीळ घालावीशी वाटली. ट्रे कारखान्यातून आला तसाच प्लास्टिकात गुंडाळलेला होता. चिकटपट्टीसुद्धा शाबूत!

"हा... हा कालच आलाय, नवा," व्यवस्थापक चाचरला.

बाईंनी पाकीट उलटं केलं. मागे पेटीचाच नंबर होता आणि तारीख दोन वर्षांपूर्वीची. "मग पेशंटना टोचता त्या बाटल्यांत असतं तरी काय?"

साहेब तोवर पंचनामा लिहायलाही बसले होते. पावणेबाराला त्यांनी सही ठोकली आणि सुया थांबल्या. बाईंना अंगणभर नाचावंसं वाटलं.

तेवढ्यात भिंत चाचपडत नाना बाहेर आले, लालबुंद होऊन. "झालं समाधान? शेवटची आशा होती गं माझी!"

बाईंनी ट्रे नानांच्या हातात ठेवला आणि त्यात काय असायला हवं होतं ते सांगितलं. नानांची बोटं पट्टीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली.

"हे उघडलेलंच नाही."

"नाही, नाना."

"आणि माझ्या पोटातली चरबी काढली ती?"

"टाकून दिली असणार."

नानांनी ट्रे काखेत मारला.

"आत तिघं बसलीत. एकीला तर जागेवरून हलायचंच नाहीये. तुझ्या साहेबांचं ती ऐकायची नाहीत, तुझं तर नाहीच. मी तरी ऐकलं होतं का?" त्यांनी लेकीच्या खांद्यावर हात ठेवला. "चल, दारापर्यंत ने मला. या थेंबांनी काही दिसत नाहीये. पुढचं मी सांगतो त्यांना."