उतरती जमीन

आत्याच्या घराची किल्ली भाच्याच्या खिशात होती, आणि ती परत मिळते की नाही, हे एका बंद पडलेल्या थिएटरवर येऊन ठेपलं होतं.

आदल्या दिवशी आत्या सहज बोलून गेली, "समुद्राकडचं ते फर्निचरचं दुकान आहे ना, तिथं आमचं थिएटर होतं. हे तिथंच सिनेमाच्या मशीनवर असायचे." भाच्याला आठवत होतं ते थिएटर धक्क्यावरचं. म्हातारीला भ्रम झाला, असं ठरवून त्याने किल्ली काढून घेतली. आता तिला एकटीला ठेवायचं नाही.

"अरे, धक्क्यावरचं नंतरचं. चल, दाखवते."

"काय दाखवणार? तिथं कपाटं आहेत."

"मग कपाटं बघू. बघायला कोण नको म्हणतंय?"

दुकानात शिरल्यावर आत्या किंमत विचारायचं सोडून वाकून कपाटांचे पायच बघत सुटली. दाराकडचे पाय जमिनीवर, आतल्या बाजूच्या पायांखाली लाकडी पाचर. एकजात सगळ्यांना.

"हे कशाला हो?"

"नाहीतर कलतात, मावशी," दुकानदार म्हणाला. "वडीलही असंच करायचे. जमीन खचलीय."

"सगळी एकाच अंगाला?"

दुकानदार डोकं खाजवू लागला. आत्याने पिशवीतलं लिंबू काढून दाराशी ठेवलं. लिंबू जरा थबकलं, मग निघालं. खुर्च्यांमधून, पलंगाखालून थेट समोरच्या भिंतीला जाऊन टेकलं.

"पडदा तिथं होता," आत्या म्हणाली. "मागच्याला पुढच्याचं डोकं आड येऊ नये म्हणून जमीन उतरती. आणि मशीन इथं, दाराच्या वरच्या खोलीत."

दारावर आतल्या बाजूने दुकानाची मोठी पाटी टांगलेली होती. भाचा स्टुलावर चढला आणि पाटी बाजूला करून डोकावला. मागे विटांनी बुजवलेल्या दोन छोट्या चौकोनी खिडक्या होत्या. त्याने एकीवरून हात फिरवला.

"आतोबा इथून सिनेमा बघायचे?"

"बघतात कसले! घोरायचे. रीळ संपलं की लोक शिट्ट्या मारून उठवायचे."

दुकानदार खो खो हसला. भाचा खाली उतरला, तरी मान वरच होती. "आत्या, मग गावातलं जुनं दीपगृह कुठं होतं गं? आणि जुना बाजार?"

आत्याने नुसता हात पुढे केला. त्याने खिशातून किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली.

"आता ते लिंबू आण," ती म्हणाली. "सरबत करते. माझ्या घरी. मग सांगते."