मोटरची धार पडेना

चंद्रभानची मोटर लष्करी लिलावातली. घाटावरच्या नावेचा ठेका मधुकररावांकडे होता. त्यांनी ती कशी तरी पैदा केली आणि नावेच्या मागे लटकवून चालवायला चंद्रभानच्या हवाली केली. रंग उडालेला, सुरू करायची दोरी तीनदा बदललेली, आणि वय विचारायची सोय नाही. पण आख्ख्या वणा नदीवर दुसरी मोटर नव्हती, त्यामुळे बाईसाहेबांचा तोरा मोठा. चालू असली की ती खालच्या जाळीतून नदीचं पाणी ओढायची, तापलेल्या सिलिंडरभोवती फिरवायची आणि मागच्या बोटभर नळीतून बाहेर टाकायची. गावातली टवाळ मंडळी म्हणत, "चंद्रभानची मोटर मुतते." चंद्रभान म्हणे, "मुतते तवरच जिती हाय, बाबू!" मागे वळून ती धार पाहायची आणि मगच नाव हाकायची, असा त्याचा नेम होता.

त्या दिवशी नेम चुकला.

पोळा होऊन आठवडा झाला होता. तेव्हापासून मोटर घरातच पडून होती. सकाळी पाणी उतरलेलं, म्हणून तिला नुसती नावेत टाकून चंद्रभान आणि म्हातारा डोमाजी बांबूनं नाव ढकलत वडनेरच्या बाजूला पेट्रोल आणायला आले. डबा भरून दुपारी घाटावर परततात तर नदी ओळखू येईना. वर कुठे तरी जोराचा पाऊस झाला असणार. काळं पाणी शेतातली पऱ्हाटीची, कपाशीची झाडं मुळासकट उपटून घेऊन चाललं होतं. पलीकडे गाव गढीवर चढलेलं दिसत होतं. चंद्रभानचं घर सगळ्यांत खाली, नदीला लागून. त्याच्या छपराच्या कवेलूंवर दोनच माणसं होती, एक उभं आणि एक बसलेलं.

बसलेली त्याची माय, अन्नपूर्णा. तिचे गुडघे दोन वर्षांपासून गेलेले, गढी चढणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं. उभी ती त्याची बायको, सीता; सासूला सोडून जाणाऱ्यातली ती नव्हे. शेजारच्यांनी कशीबशी दोघींना छपरावर चढवलं असेल आणि आपापली पोरं घेऊन पळाले असतील. त्यांना तरी काय बोल लावायचा!

दोन झटक्यांत मोटर सुरू झाली. चंद्रभाननं मागे वळून पाहिलंच नाही. त्याचे डोळे छपरावर होते.

अर्ध्या नदीत जळका वास आला. मोटर कण्हली, जड झाली आणि थांबली. नाव आडवी फिरली. डोमाजीनं जिवाच्या आकांतानं बांबू रेटला आणि बुडालेल्या एका बाभळीचा शेंडा हाती लागताच नाव त्याला बांधून टाकली.

"काऊन बंद पडली बे?"

"तापली. धार पडली नाई, काका. म्या पाह्यलंच नाई!"

हात कामाला लागले. त्यानं मोटर वर उचलून तिरपी केली. खालच्या जाळीत थोडं गवत होतं, ते नखांनी उपसून काढलं. मोटर निवेपर्यंत थांबायला हवं होतं. थांबणं म्हणजे काय, हे त्या दिवशी त्याला कळलं. छपरावरची उभी बाई दोन्ही हात हलवत होती. पाणी वळचणीला लागलं होतं.

पुन्हा दोरी ओढली. मोटर चालली, धार नाही. लगेच बंद केली.

"पंप गेला असन," डोमाजी म्हणाला.

पंप उघडायचा म्हणजे तीन स्क्रू. तेही डोलत्या नावेत. तिसरा स्क्रू बोटांतून निसटला आणि नदीत गेला. चंद्रभाननं स्वतःला एक सणसणीत शिवी घातली. आत रबराची पाती ठणठणीत होती. म्हणजे इतका वेळ फुकट. दोन स्क्रू बसवले, तिसऱ्या जागी तार पिळली, आणि त्याला रडू कोसळलं. बायकोदेखत कधी न रडलेला माणूस हमसाहमशी रडला. डोमाजीनं नदीकडे तोंड फिरवलं.

रडता रडताच त्याचं डोकं चाललं. पाणी आत येतंय. पंप धड आहे. मग अडतंय ते बाहेर पडताना. त्यानं बाभळीचा एक लांब काटा मोडला आणि मागच्या नळीत खुपसला. काट्याला मऊ काही तरी लागलं. ओढलं तर कापूस. बोटभर लांब, घट्ट वळलेला बोळा, आतून अजून पांढरा.

हा पीळ तो ओळखत होता. देवापुढच्या वाती सीता अशाच वळायची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ती करवादली होती, "तुमची मोटर गळून राह्यली. माह्यं सारवण सारं खराब केलं." तो हसून बाहेर गेला होता. त्याच्या पाठीमागे तिनं गळतीवर इलाज करून टाकला होता.

चंद्रभानच्या मस्तकात तिडीक गेली. समोर असती तर त्यानं तिला काय केलं असतं, ते न सांगितलेलं बरं. सारवणासाठी! चार हात जमिनीसाठी! डोमाजी बोळ्याकडे पाहत होता. त्यालाही समजलं होतं. चंद्रभाननं बोळा नदीत भिरकावला आणि दोरी ओढली.

आधी नुसती वाफ निघाली, मग गरम पाण्याचे शिंतोडे, आणि मग चांगली बोटभर धार. डोमाजीनं बाभळीची गाठ सोडली.

चंद्रभान छपराकडे पाहत नाव हाकत होता. दुसरी लाटांआड दिसत नसेल, असं त्याला आधी वाटलं. जवळ गेल्यावर दिसलं की छपरावर एकच बाई होती.

सीता आढ्याला पोट लावून पालथी पडली होती. तिला नावेत घेतलं तेव्हा ती नदीच्या उताराकडे बोट दाखवत होती. "आत्ता गेल्या. आत्ताच, तुमची मोटर चालू झाली ना, तवा. कवेलू सरकले."

उताराकडे ते पार वळणापर्यंत गेले. हाका मारल्या, बुडालेली झाडं धुंडाळली. माय दिसली नाही.

परत फिरताना सीतानं विचारलं, "मधीच थांबले काऊन? म्या किती हात केले."

शिव्यांची आख्खी रास चंद्रभाननं तिच्यासाठी जमवून ठेवली होती. डोमाजी बांबू आडवा धरून त्याच्याकडे बघत राहिला.

"जाळीत गवत अडकलं होतं," चंद्रभान म्हणाला.

"गवतच होतं, बाई," डोमाजी म्हणाला.

सीतानं उजवा हात पुढे केला. कवेलूंनी तो सोलवटून निघाला होता. "माह्या हातून सुटल्या आत्याबाई. धरलं होतं मी त्याइले. माह्याच हातून गेल्या."

"तुह्या हातून काई नाई झालं, सीता."

मोटरच्या आवाजात तिला ते ऐकू गेलं नाही. तिनं विचारलं, "काय?" आणि चंद्रभानला तेच पुन्हा, ओरडून सांगावं लागलं.