ताटाच्या कडेचे काटे

प्रेमलताने कोरड्या दाण्यांवर कोमट पाणी ओतलं, चमच्याने ते जरा दाबले आणि वाटी पुन्हा पिल्लापुढे सरकवली. पिल्लाने वाटीत नाक घातलं, फुस्स केलं आणि तोंड फिरवून ते बाल्कनीत हिरामणनानांच्या खुर्चीखाली जाऊन पसरलं.

"घ्या. हेही नको महाराजांना."

"लहान आहे गं अजून," नाना खुर्चीतून म्हणाले.

"लहान आहे म्हणूनच म्हणते. वाढीचं वय आणि पोटात दाणा नाही. अनुज आला की म्हणेल, आईने माझा कुत्रा उपाशी मारला."

नानांनी पायजम्याची नाडी सोडली, ओढून पुन्हा घट्ट बांधली. हल्ली त्यांचं हे सारखं चालायचं. प्रेमलताने पाहिलं आणि वाटी उचलली.

कुत्र्याच्या खाण्याचं हे तिसरं पोतं होतं. पहिलं अनुजनेच बंगळुरूला परत जाताना आणून ठेवलेलं. दुसरं नाक्यावरच्या मर्विनच्या दुकानातलं, कोंबडीच्या वासाचं. "आंटी, लॅब्राडोर आहे ना, मग मोठ्या जातीच्या पिल्लांचं न्या, दाणा मोठा असतो," असं सांगून मर्विनने तिसरं दिलं. मोठा दाणा, लहान दाणा, कोरडा, भिजवलेला. तिची कंबर वाकून वाकून गेली. वाडीत असताना दारात कधी दोन, कधी चार कुत्री असायची. माशांची डोकी, भाताची पेज, उरलंसुरलं कालवण खाऊन ती केळींच्या गारव्यात झोपायची आणि रात्री वाडी राखायची. कुत्र्याच्या जेवणाची काळजी करायची असते, हे तिला सत्तरीत कळत होतं.

वाडी विकून बोळिंजच्या या फ्लॅटमध्ये आल्यापासून नाना बाल्कनीतच बसायचे. बसून बसून माणूस जाड होतो म्हणतात. नाना वाळत चालले होते. रक्त तपासून झालं, छातीचा फोटो झाला, पोटाची सोनोग्राफी झाली. सगळं ठीक. "खाणं वाढवा," डॉक्टर म्हणाले. तिने वाढवलं. एकाच्या दोन भाकऱ्या झाल्या, बांगड्याच्या एका तुकडीच्या दोन. ताट रिकामं परत यायचं, अगदी लख्ख. कडेला तेवढे काटे नीट गोळा करून ठेवलेले. ते ताट घासताना तिला वाटायचं, खाल्लेलं जातं तरी कुठे?

त्या दुपारी पिल्लाला पट्टा बांधून, पोत्याचा नाव छापलेला कोपरा कापून पिशवीत घालून ती रिक्षाने जनावरांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टर प्रिस्का वाडीशेजारच्या व्हिन्सेंटची मुलगी. लहानपणी कुंपणावरून उडी मारून जांब चोरायची.

"काकी, तुम्ही? आणि हा कोण पैलवान?"

"कसला पैलवान! काही खात नाही गं. तीन पोती झाली. आता तूच सांग, कुठलं आणू?"

प्रिस्काने पिल्लाला वजनकाट्यावर उभं केलं. आकडा पाहिला, मग बरगड्यांवरून बोटं फिरवली. बरगड्या लागायला बोटं जरा दाबावी लागली.

"काकी, हा उपाशी नाहीये."

"म्हणजे?"

"वजन जास्त आहे याचं. मोठ्या जातीचं पिल्लू भराभर जाड झालं तर पुढे पायांचे सांधे बिघडतात. तुम्ही आणलंय ते पोतं बरोबर आहे, बदलू नका. पण पोट आधीच भरलेलं असेल तर कोरडे दाणे कोण खाईल? घरातलं काय देता?"

"काही नाही. देवाशप्पथ."

"काका देतात?"

"छे गं. ते जेवायला बसले की हा टेबलाखाली पडून असतो, तेवढंच. त्यांचं ताट तर..."

प्रेमलता थांबली. प्रिस्काने पिल्लाचा जबडा उघडून दात पाहिले. बराच वेळ पाहिले.

"काटे नाही ना लागले कधी घशाला?" तिने हळूच विचारलं.

"नाही," प्रेमलता म्हणाली. "काढून देत असतील."

परतीच्या रिक्षात पिल्लू तिच्या पायांवर बसलं होतं. इतके दिवस त्याचा भार कसा जाणवला नाही, याचं तिला नवल वाटत राहिलं.

लग्न होऊन आली तेव्हा घरात पंधरा माणसं होती. आधी पुरुषांची पंगत, मग पोरं, आणि शेवटी बायका चुलीपाशी. गरम भाकरी थापायची, बाहेर नेऊन वाढायची आणि परत आत यायचं. पंधराची दोन माणसं झाली, चुलीचा गॅस झाला, पाटाचं टेबल झालं, तरी ती ताट वाढून आतच जायची. नाना उठले की ओट्यापाशी उभ्यानेच चार घास खायची. त्यांना जेवताना तिने शेवटचं कधी पाहिलं होतं?

संध्याकाळी तिने बांगड्याचं कालवण केलं. नानांचं ताट वाढून टेबलावर ठेवलं आणि ती आत आली. गॅस बंद केला. बाहेरून टेबलाच्या पायावर शेपटी आपटल्याचा आवाज येत होता. थप, थप, थप.

तिने दुसरं ताट घेतलं, स्वतःला वाढून घेतलं आणि बाहेर येऊन त्यांच्यासमोरची खुर्ची ओढली.

नानांचा हात टेबलाखालून वर आला. बोटं ओली होती.

"तू? आत्ताच?"

"भूक लागली."

नानांच्या ताटाच्या कडेला काटे नीट गोळा केलेले होते. दोनपैकी एक भाकरी अर्धी झाली होती.

"प्रिस्का काय म्हणाली?"

"गड्याची तब्येत चांगली आहे म्हणाली. जरा जास्तच."

नानांनी मान खाली घातली. "वाडीत भूक लागायची," ते कालवणाकडे पाहत म्हणाले. "इथे घास फिरतो नुसता. आणि ताट तसंच परत गेलं की तुझा चेहरा उतरतो."

प्रेमलताने त्यांच्यापुढचं ताट ओढलं. सव्वा भाकरी उचलून आपल्या ताटात घेतली. उरलेल्या तुकडीतला एक लहान तुकडा काटे काढून ठेवला, त्याच्याजवळ भाकरीचा चतकोर. एवढंच. ताट परत त्यांच्यापुढे सरकवलं.

"एवढं जाईल?"

नानांनी ताटाकडे पाहिलं. "बघतो."

पिल्लू टेबलाखालून बाहेर आलं. आधी त्याने नानांच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवली, मग तिच्या. कोणाचाच हात खाली आला नाही, तेव्हा ते नखं वाजवत स्वयंपाकघराकडे गेलं. थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग कोपऱ्यातल्या वाटीतून कुडुम कुडुम आवाज यायला लागला.

प्रेमलताने भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला आणि तसाच हातात धरून ठेवला, नानांनी आपला उचलेपर्यंत.