चाळिसाव्या दिवसाचा गहू

मी एक जुने, घडीचे पितळी भिंग आहे. आणि मित्रांनो, सुरुवातीलाच एक विनंती करते, कपाटाच्या काचेला नाक लावू नका. आज सकाळपासून तुमच्या शाळेची एकवीस नाके तिच्यावर उमटली आहेत आणि त्यातली दोन वाहती होती. मला किळस फार लवकर येते. त्यात माझा दोष नाही. समोर येईल ते मला दहापट मोठे दिसते, आणि दहापट मोठे होऊनही सुंदर राहील असे या जगात थोडेच आहे. गव्हाचा दाणा राहतो. ज्यांच्या गळ्यात मी एकतीस वर्षे होते त्या डॉक्टर स्तामेन ब्रेझोव यांचा हात राहायचा. इतरांविषयी मी आजवर गप्प बसले, पण आता बसवत नाही.

माझा जन्म काचा घासण्याच्या एका कारखान्यात झाला. ज्या बाईने मला तीन दिवस घासले, तिनेच शेवटी माझ्यावर तोंडाची वाफ सोडून मला एप्रनला पुसले. ती माझ्या आयुष्यातली पहिली शिसारी. पुढे दुकानात चार महिने लोकांनी मला डोळ्याला लावून आपापल्या नखांतली घाण पाहिली. मग एक सडपातळ विद्यार्थी आला. त्याने मला घेतले, खोलीवर नेले आणि धुतलेल्या सुती रुमालाने मधून कडेकडे हलक्या हाताने पुसले. तेव्हाच मी त्याची झाले.

तोच स्तामेन. तो शेतीशास्त्रात डॉक्टर झाला आणि इथे, डॅन्यूबकाठच्या या गहू संस्थेत लागला. त्याचे काम दिसायला साधे होते. ज्या गव्हावर तांबेरा पडणार नाही आणि जो पावसाने दगा दिला तरी भरेल, असा गहू त्याला हवा होता. त्यासाठी तो वर्षानुवर्षे वाफ्यावाफ्यातून वाकून फिरला. तांबेरा तुम्ही लांबून पाहिला असेल, पानावरची नारिंगी पूड. मी तो जवळून पाहिला आहे. फुटलेल्या पुळ्या आणि त्यांतून सांडणारी भुकटी पाहून मला शिसारी यायची. स्तामेन मात्र शांतपणे मोजत बसायचा आणि शेजारचे स्वच्छ पान सापडले की मला अलगद पुसून म्हणायचा, "बघ, हा टिकला."

बावीस वर्षांनी एक गहू खरोखरच टिकला. दाणा लालसर, पोटावरची चीर खोल आणि पाठीवर बारीकसे कुबड. सलग तीन कोरडी वर्षे त्याने काढली आणि तांबेऱ्याचा एक ठिपका अंगाला लावून घेतला नाही. त्याला नाव नव्हते, वहीत नुसता आकडा होता. स्तामेनची मुलगी रुमेना मोठी होऊन प्लोवदिव शहरातल्या भाजीपाल्याच्या संशोधन केंद्रात लागली होती. तिने फोनवर नाव विचारले तर तो म्हणाला, "आधी चार शेतांत उभा राहू दे. मग बारसं करू."

घरच्यांपैकी या गव्हाविषयी तो फक्त रुमेनाशी बोलायचा, तेही संस्थेच्या फोनवरून. घरी नाही. घराच्या दाराबाहेर बूट काढायचे आणि बुटांबरोबर संस्थाही बाहेर ठेवायची, असा त्याचा नेम होता. आत आला की तो फक्त नवरा आणि बाप असे. शरद ऋतूत तो आणि त्याची बायको दाफिना अंगणात मिरच्या भाजत बसायची, हिवाळ्याच्या बरण्यांसाठी.

"लग्नाला तीस वर्षं झाली," दाफिना म्हणायची, "पण माझा नवरा गव्हाचं नेमकं काय करतो ते मला अजून कळलेलं नाही. पेरतो की गोंजारतो?"

"दोन्ही. दाफे, ती मिरची उलट, जळतेय."

संस्थेतून घरात येण्याची परवानगी मला एकटीला होती, कारण मी काटे काढायच्या कामाची होते. रुमेना लहानपणी कुंपणावर चढायची आणि तळहातात काटा घेऊन यायची. तिचा हात गुडघ्यावर ठेवून स्तामेन मला डोळ्याला लावायचा.

"बाबा, दुखेल का?"

"थोडं दुखेल. पण खोटं सांगून काढला तर जास्त दुखतं."

त्या मळक्या हाताचीही मला कधी किळस आली नाही. आता आठवले की माझे मलाच नवल वाटते.

किळस यायची ती डायरेक्टर क्रुमोव यांची. ते स्तामेनबरोबरच नोकरीला लागले होते, पण वाफ्यात कमी आणि वरच्या मजल्यावर जास्त असत. वर्तमानपत्राचा फोटोवाला आला की ते मला स्तामेनच्या गळ्यातून उतरवून घेत, चीज भरलेली बनित्सा खाल्लेल्या तुपकट अंगठ्याने माझ्या काचेच्या मधोमध धरत आणि ओंबीकडे बघितल्यासारखे करत. डोळा मिटलेला असे. मी आतून पाहिले आहे, मिटलेला असे. लेख स्तामेन लिहायचा आणि वर पहिले नाव क्रुमोव यांचे छापून यायचे. स्तामेन हसून सोडून द्यायचा. त्याच्या या सोशिकपणाचाही मला वीट येई.

शेवटच्या दोन वर्षांत साहेबांनी त्या गव्हाचा वाफा काढून घेतला आणि खतवाल्यांच्या प्रदर्शनाला दिला. स्तामेनने शीतगृहात बियाण्यापुरती जागा मागितली. "पुढच्या हंगामात बघू," साहेब म्हणाले. तीनदा मागितली, तीनदा हेच उत्तर. त्यामुळे त्या गव्हाचे उरलेले सगळे बी, दोन किलोंच्या आसपास, एका कापडी पिशवीत स्तामेनच्या संस्थेतल्या खोलीत फळीवर राहिले. तोंड बांधायला त्याने खिशातली निळी लोकर वापरली. दाफिनाने त्याला जाकीट विणले होते, त्यातली उरलेली. रुमेनाने प्लोवदिवजवळ एक पट्टा मिळवला होता. ऑक्टोबरात पेरायचे ठरले होते.

ऑगस्ट संपता संपता, भर दुपारी, बांधावर बसल्या बसल्या स्तामेन गेला. मी त्याच्या हातात होते.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या दारावर, थांब्यावर आणि बेकरीच्या भिंतीवर त्याच्या निधनाचे कागद लागले. खाली क्रुमोव यांचे नाव आणि मजकूर असा, "आमचा अतुलनीय सहकारी, ज्याच्यासाठी या संस्थेची दारे सदैव उघडी होती." शीतगृहाचे दार सोडून, हे लिहायचे राहिले. खाटेवर मांडलेल्या त्याच्या कपड्यांत मी पडले होते आणि कोणीतरी तो कागद आणून माझ्याशेजारी ठेवला. अक्षरे जवळून बघितली तर नुसते काळे डाग दिसत होते. मला ओकारी आली असती, पण काचेला तीही सोय नाही.

नवव्या दिवशी रुमेनाने साहेबांना अंगणात गाठले.

"काका, बाबांच्या खोलीला कुलूप राहू द्या. चाळिसाव्या दिवसाच्या विधीला मी येते आणि सगळं स्वतः आवरते. फळीवर बी आहे, ते मला न्यायचंय."

"अगं, ही काय सांगायची गोष्ट आहे? चावी माझ्या खिशात," क्रुमोव म्हणाले आणि त्यांनी खिशावर हात थोपटला. ती प्लोवदिवला परत गेली.

दोन आठवड्यांनी संस्थेचा म्हातारा गडी गेन्चो हातगाडी घेऊन दारात आला. गाडीत वह्या, चहाचा पेला, पावसाळी बूट आणि वरती निळ्या लोकरीची पिशवी.

"वहिनी, खोली आजच्या आज रिकामी हवी म्हणाले. बैठकीचं लांब टेबल येतंय, ते दुसरीकडे मावत नाही."

"आणि हे काय, गहू?"

"गहूच. मी साहेबांना विचारलं, हा काही वेगळा तर नाही ना? तर म्हणाले, गेन्चो, आपल्याकडे गव्हाला तोटा आहे का? वहिनींच्या कोंबड्यांना होईल." गेन्चोने टोपी काढली. "मला काय कळतं त्यातलं. दिलं ते आणलं."

दाफिनाने पिशवीची गाठ पाहिली. लोकर तिने ओळखली आणि पिशवी मांडीवर घेऊन ती पायरीवर बसली. मग म्हणाली, "कोंबड्यांना कशाला? त्याने स्वतःच्या हाताने बांधून ठेवलाय. चाळिसाव्याला हाच शिजवीन. दुकानातल्या गव्हापेक्षा त्याला याचंच बरं वाटेल."

मित्रांनो, यात तिची काय चूक होती? मेलेल्या माणसासाठी शिजवायचा गहू घरचा असावा, त्याच्या हातचा असला तर त्याहून चांगला, असेच आपल्याकडे सगळ्या बायका मानतात. आणि तीस वर्षे बूट दाराबाहेर काढणाऱ्या तिच्या नवऱ्याने तिला कधी काही सांगितलेच नव्हते. त्याच्या त्या प्रेमळ नेमाचा मला त्या दिवशी पहिल्यांदा राग आला.

चाळिसाव्याचा गहू दाणा दाणा निवडायचा असतो. दाफिनाचे डोळे अधू झाले होते. म्हणून तिने काय केले असेल? तिने मला घेतले.

खिडकीशी बसून, ताटात मूठ मूठ पसरून, ती माझ्यातून बघत होती. लालसर दाणा. खोल चीर. पाठीवर कुबड. पहिल्याच दाण्याला मी ओळखले. इतकी वर्षे मी दुसरे काय पाहिले होते? मी तिला तो दहापट मोठा करून दाखवत होते, स्वच्छ, ठसठशीत, आणि तिला दिसत होता फक्त गहू. खडा सापडला की ती बाजूला काढी आणि दाणा निवडलेल्या ढिगात सरकवी. दोन दुपारी हे चालले. त्या सबंध पिशवीतून तीन खडे आणि एक काडी निघाली. क्रुमोवांची मला किळस येते हे मी सांगितले. पण त्या दोन दुपारी मला सर्वांत जास्त किळस माझी आली. एवढे दाखवता येते आणि एक शब्द बोलता येत नाही, असे असणे काय कामाचे?

मग तिने गहू धुतला, भिजवला, शिजवला आणि पांढऱ्या फडक्यावर सुकत घातला. त्यात साखर, अक्रोड आणि भाजलेले पीठ मिसळले. घरभर गोड वास सुटला होता. मला त्याच्या त्या निळ्या जाकिटाच्या खिशात घालून, ते जाकीट अंगात चढवून ती स्मशानात गेली.

रुमेना बसमधून उतरून थेट तिथेच आली. थडग्यावर वाइन ओतून झाली आणि दाफिनाने प्लॅस्टिकच्या पेल्यांतून सगळ्यांना गहू वाटला. प्रत्येक जण "देव त्याला क्षमा करो" म्हणत पेला घेत होता. क्रुमोव यांनी चार शब्द बोलायचे ठरवून आणले होते. ते चाळीसहून जास्त झाले. स्तामेनचा गहू हेच स्तामेनचे स्मारक, तो शेताशेतांतून डोलेल, असे ते म्हणाले. मग त्यांनी पेल्यातला मोठा चमचा भरून तोंडात घातला.

रुमेना त्यांच्याजवळ गेली. "काका, परतीच्या बसला वेळ आहे. चावी देता? बी घेऊन येते."

"कसलं बी?" साहेब चावत होते. दाढेत अक्रोड अडकला होता, तो जिभेने काढत होते.

"फळीवरचं. निळ्या लोकरीने बांधलेलं."

"ते होय? ते सगळं घरी पोचवलंय, आदरानं. गेन्चोला विचार." त्यांनी आणखी एक चमचा घेतला. "वहिनी, गहू काय सुरेख झालाय हो. दाणा कसा अख्खा राहिलाय. कुठून आणलात?"

"त्याचाच आहे," दाफिना म्हणाली, आणि चाळीस दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा जरा उजळला. "त्याने बांधून ठेवला होता."

गेन्चोने आपला पेला दगडावर ठेवून दिला. साहेबांचे चावणे क्षणभर थांबले. मला वाटले, आता थुंकतील, निदान मान खाली घालतील. त्यांनी इकडेतिकडे पाहिले, तोंडातला घास गिळला आणि ओठ रुमालाला पुसले.

रुमेना पांढरी पडली होती. तिने आईच्या खिशातून मला काढले आणि स्वतःच्या पेल्यावर धरले. आम्ही दोघींनी मिळून पाहिले. दाणे फुगले होते, पोटाची चीर उकलली होती, कोंब यायच्या जागी पांढरा मऊ लगदा झाला होता. ती चमच्याने एकेक दाणा उलटवत राहिली. एखादा कच्चा राहिला असेल म्हणून. दाफिनाने चांगला शिजवला होता.

"काय बघतेस गं?" आईने विचारले. "खडा लागला का? मी एकेक दाणा निवडलाय, त्याच्याच भिंगानं."

रुमेनाने मला मिटले. खोटे सांगून काढलेला काटा जास्त दुखतो, हे तिला कोणी शिकवायला नको होते. तरीही ती म्हणाली, "नाही आई. एकही खडा नाही. फार छान झालाय." आणि आईच्या देखत तिने तो पेला शेवटच्या दाण्यापर्यंत संपवला.

दाफिनाला आजही ठाऊक नाही. म्हणूनच साहेबांनी स्मृतिकोपऱ्यासाठी काहीतरी मागितले तेव्हा तिने अभिमानाने मला देऊन टाकले आणि रुमेनाला नाही म्हणता आले नाही. मी इथे आले. मला पुसायला कोणी येत नाही.

मित्रांनो, माझ्या शेजारी ही जी बरणी आहे, तिच्यावर "डॉ. ब्रेझोव यांचा गहू" अशी चिठ्ठी आहे. उद्घाटनाच्या दिवशी साहेबांनी ती बाजारातल्या गव्हाने भरून घेतली. दाणा फिकट आहे, पाठ सपाट आहे. रात्रंदिवस मला त्याच्याकडे तोंड करून पडून राहावे लागते. डॉक्टरांचा गहू कुठेही नाही. तो तेहतीस माणसांनी एका दुपारी साखर घालून खाल्ला. गेलेल्या माणसाचे टेबल आवरण्याआधी, ते ज्याला समजते त्याला येऊ द्या. चाळीस दिवस काही फार नसतात. आणि तुम्ही सगळ्यांनी आत्ता वहीत या बरणीचे चित्र काढून खाली डॉ. ब्रेझोव यांचे नाव लिहिलेत, ते मी इथून पाहिले. ते नाव तेवढे खोडा.